वार्धक्यातील क्षीणता



घरातील आजी सावकाश चालू लागली, तिचे जेवण कमी झाले, की आपण ‘वय झाले’ असे म्हणून मोकळे होतो. आमच्या कोंकणीत ‘पिराय जाली’ म्हणतात. आमच्या आईविषयी आम्हीही असेच म्हणत एक वर्ष घालविले. पुढे ती अंगणात पडली, मांडीचे हाड मोडले आणि ती पूर्ववत चालू शकली नाही. तेव्हापासून या विषयाची जी माहिती आम्ही मिळविली, तिचा सारांश येथे देत आहो.

वार्धक्य, रोग आणि क्षीणता या तीन वेगळ्या गोष्टी होत. कणगीत भात शिल्लक असेल तर घर एखादे वाईट वर्षही निभावून नेते. कणगी रिकामी असेल तर थोडीशी अडचणही भारी पडते. शरीराचेही तसेच आहे. शिल्लक शक्ती आटली म्हणजे साधा ताप किंवा लहानसे पडणेही माणसास अंथरुणास खिळविते. या अवस्थेस क्षीणता म्हणावे.

ही अवस्था मोजावी कशी? अमेरिकेत लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पाच लक्षणे निश्चित केली: वर्षभरात प्रयत्न न करता दहा पौंडांहून, म्हणजे सुमारे साडेचार किलोहून अधिक वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड दुबळी होणे, चाल मंदावणे, आणि हालचाल कमी होणे. तीन वा अधिक लक्षणे असल्यास क्षीणता, एक वा दोन असल्यास तिची पूर्वावस्था. चालीची परीक्षा केवळ १५ फुटांची होती.

या अभ्यासात ६५ वर्षे व त्यावरील ५,३१७ स्त्रीपुरुष होते. ते रुग्णालयातील रोगी नव्हते, आपापल्या घरी राहणारे होते. त्यांपैकी सुमारे ७ टक्के क्षीण आढळले. या क्षीण व्यक्तींपैकी सुमारे २७ टक्के लोकांना दैनंदिन कामात परावलंबन नव्हते, वा एकाहून अधिक जुनाट रोगही नव्हते. म्हणजे केवळ रोगांची यादी पाहून ही माणसे ओळखता आली नसती. तथापि पुढील वर्षांत पडणे, रुग्णालयात जावे लागणे व मृत्यू यांचे प्रमाण क्षीण व्यक्तींमध्ये अधिक दिसले.

येथे संशोधकाची खरी कसोटी लागते. जो सर्वांत दुर्बल, तोच केंद्रापर्यंत येऊ शकत नाही, आणि पुष्कळदा भाग घेण्यासही नकार देतो. तो वगळला गेला तर निष्कर्ष वास्तवापेक्षा आशादायक निघतो. म्हणून संशोधकाने घरी जावे, संमती घ्यावी, प्रश्न थोडके ठेवावेत व मध्ये विश्रांती द्यावी. आपल्या देशात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ च्या सर्वेक्षणात ७२,००० हून अधिक प्रौढ व वृद्धांची माहिती घरोघर जाऊन घेतली. तीत हाताची पकड व वृद्धांची चालही मोजली होती.

क्षीणता नेहमीच अटळ नसते. अमेरिकेतच ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगाचे फळ २०१४ साली प्रसिद्ध झाले. चालणे, स्नायूंचे बळ व तोल यांचा नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये, आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा, चालण्याची शक्ती गमावणारे कमी निघाले.

मित्रहो, सुटीत घरी गेलात म्हणजे आजी-आजोबांबरोबर रोज थोडे चाला. त्यांचे कपडे सैल झाले आहेत काय, जेवण घटले आहे काय, उठताना आधार लागतो काय, हे पाहा. काही बदल दिसल्यास वडीलधाऱ्यांस सांगा व डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह धरा. आम्ही दवडलेले वर्ष तुम्ही दवडू नये, एवढ्याचसाठी हा लेख.