डब्यातला झेंडू

दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लागते. नांगराला, सायकलला, मोटारीला हार लागतो. त्या दिवशी बाजारात फुलांचा भाव चढतो. शेतात झेंडू असेल त्याला काळजी नाही. पण ज्याला शेत नाही त्याने काय करावे? त्याच्या ओट्यावर ऊन पडते ना? मग झाले! डब्यातही झेंडू येतो.

आम्ही आमच्या वर्गाच्या ओट्यावर असे तीन डबे लावले. पहिल्या वर्षी फजिती झाली. तेलाचे रिकामे डबे घेतले. माती भरली. रोपे लावली. श्रावणाची झड लागली आणि पाने पिवळी पडली. आम्हाला वाटले, खत कमी पडले. खत घातले. आठ दिवसांत रोपांनी माना टाकल्या. दसऱ्याला फुले विकत आणावी लागली.

वर्गात येणाऱ्या एका आजींनी डबा उलटा केला. आत नुसता चिखल! त्याला कुबट वास येत होता. आजी म्हणाल्या, "अहो मास्तर, पाणी पडलं ते बरं झालं. पण जास्तीचं पाणी जाणार कुठनं? बुडाला भोक कुठं हाय?"

आम्ही अक्षरे शिकवायला गेलो होतो. त्या दिवशी आम्हीच शिकलो. मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मातीत पाणी तुंबले की हवेला जागा राहत नाही. मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असूनही रोप सुकते.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो.

१. डबा : तेलाचा डबा, जुनी बादली किंवा फुटका माठ चालतो. कीटकनाशकाचा डबा मात्र घेऊ नये. बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा. भोकांवर खापरीचे तुकडे ठेवा. म्हणजे पाणी जाते, माती राहते. डबा दोन विटांवर ठेवा.

२. माती : दोन घमेली माती, एक घमेले कुजलेले शेणखत, एक घमेले वाळू. नीट कालवा. डबा काठोकाठ भरू नका. चार बोटे जागा सोडा.

३. बी : आषाढी एकादशीच्या सुमारास पसरट भांड्यात बी टाका. त्यालाही भोके हवीतच. वर मातीचा पातळ थर द्या. भांडे पागोळीखाली ठेवू नका. आठवड्याभरात बी उगवते. आषाढीपासून दसरा सुमारे तीन महिन्यांवर असतो. झेंडूला तेवढे दिवस पुरतात. ज्या वर्षी श्रावण, भाद्रपद किंवा आश्विन अधिक येतो, त्या वर्षी महिनाभर थांबा.

४. लावणी : तीन-चार आठवड्यांनी रोपाला चार-पाच पाने येतात. तेव्हा संध्याकाळी ते डब्यात लावा. एका डब्यात एकच रोप लावा. दिवसातून सहा तास तरी ऊन मिळावे.

५. शेंडा : रोप वीतभर झाले की शेंडा खुडा. बाजूला फांद्या फुटतात. जितक्या फांद्या, तितकी फुले जास्त. फार उशिरा मात्र खुडू नका, फुले मागे पडतात.

६. पाणी : आधी मातीत बोट घाला. ओली लागली तर पाणी नको. डब्याखाली थाळी ठेवून पाणी साठवू नका. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो.

आणखी एक काम करा. आता तुम्हाला लिहिता येते. बी टाकल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. पहिले फूल आले तीही तारीख लिहा. पुढच्या वर्षी कुणाला विचारायला नको.

दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गाच्या दाराला घरचे तोरण लागले. ते आजींनीच ओवले. एक चांगले फूल त्यांनी झाडावरच वाळू दिले. त्यातले बी कागदाच्या पुडीत बांधले. पुडीवर स्वतःच्या हाताने लिहिले, 'झेंडू'.

सांगा पाहू :
१. आमची पहिली रोपे का मेली?
२. डब्याखाली पाणी का साठू देऊ नये?
३. तुमच्या घरी कोणता डबा रिकामा पडला आहे? त्याला भोक आहे का?