शेतातील बिनतारी जागले

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या दक्षिणेस, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर वडनेर हे गाव आहे. या भागातील जमीन काळी असून कापूस, तूर व सोयाबीन ही तिची मुख्य पिके होत. काळी माती मोठी फसवी असते. वरून ती भेगाळलेली दिसली, तरी वीतभर खाली ओल असू शकते. सखल भागात ओल असेल त्याच वेळी चढावरचा तुकडा कोरडा पडलेला असतो. जाणता शेतकरी मूठभर माती दाबून ओल ओळखतो. पण दहा ठिकाणची माती रोज कोण उकरणार?

हे काम करणारी लहान यंत्रे आता निघाली आहेत. त्यांना संवेदक म्हणतात. मातीत खुपसलेली संवेदकाची दांडी ओल मोजते आणि वरच्या डबीतील बिनतारी यंत्र तो आकडा शेजारच्या संवेदकाकडे धाडते. असे करीत सर्व शेताची वार्ता कडेच्या केंद्रात पोहोचते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात नाशिकच्या द्राक्षमळ्यात असे जाळे मांडले होते.

अडचण आहे ती संवेदकाच्या पोटाची. त्याचे अन्न म्हणजे दोन छोटे विद्युतघट, भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसले. या जोडीत सुमारे २,००० मिलिअँपिअर-तास वीज साठलेली असते. बिनतारी यंत्र बोलताना सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेते. आणि नवल असे की, नुसते कान देऊन बसले तरी जवळजवळ तितकाच घेते! म्हणजे ते सतत जागे राहिले, तर शंभर तासांत, चार दिवसांतच, सारी शिदोरी संपेल. कापसाचे पीक तर पावसाळ्याच्या आरंभापासून दिवाळीनंतरपर्यंत शेतात उभे असते.

शिवाय घट वरचेवर बदलणे सर्वत्र शक्य नसते. २००२ साली अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर, बिळात घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासासाठी संवेदक ठेवले होते. तेथे माणसाची वर्दळ वाढली, तर पक्षी घरटीच सोडून जाण्याचे भय होते.

यावर पहिला उपाय झोपेचा. संवेदक तासातून केवळ ३६ सेकंद जागा राहिला, तर खर्च शंभरावा हिस्सा होतो आणि तीच शिदोरी हिशेबाने चारशे दिवसांवर पुरते. प्रत्यक्षात ती थोडी कमीच पुरते, कारण झोपेतही किंचित वीज लागते. पण मातीची ओल काही क्षणाक्षणाला बदलत नाही. म्हणून एवढे जागणे पुरेसे असते.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की तेथवर आवाज पोहोचविण्यास चौपट शक्ती लागते. म्हणून संवेदकांचे गट पाडून प्रत्येक गटास एक प्रमुख नेमतात. बाकीचे त्याच्याशी हळू बोलतात. तो सर्वांचे आकडे एकत्र करून एकच निरोप दूरच्या केंद्राकडे पाठवितो. यात सर्वांची बचत होते, पण त्या बिचाऱ्या प्रमुखाचे घट मात्र लवकर संपतात आणि त्याच्यामागे सारा गट मुका होतो.

रानडुकरे व रोही यांपासून पीक राखण्यासाठी विदर्भातील शेतकरी रात्री शेतावर जागलीला जातात. एकाच घरचा माणूस रोज जागू लागला, तर तो आजारी पडेल; म्हणून पाळ्या लावतात. संवेदकांनाही अशाच पाळ्या लावण्याची एक पद्धत २००० साली वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन या अमेरिकेतील तीन संशोधकांनी मांडली. यांपैकी बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. या पद्धतीत प्रमुखपद फिरते असते आणि ओझे सर्वांवर वाटले जाते.

एक पेच तरीही उरतो. बोलणारा जागा असताना ऐकणारा झोपलेला असेल, तर निरोप वायाच जायचा. संवेदकाच्या पोटातील घड्याळ दिवसात एकदोन सेकंद मागेपुढे होते. तेव्हा सर्वजण अधूनमधून एकमेकांची वेळ विचारून आपापली घड्याळे जुळवून घेतात आणि पुन्हा झोपी जातात.