हातड्रिलचे कापयंत्र करावे काय?

(इयत्ता सातवी : कार्यानुभव व गणित)

उद्देश : भोक पाडणारे साधन आणि कापणारे साधन यांतील भेद विद्यार्थ्यांना स्वतः मोजून कळावा, साधनाचे कोणते रूपांतर निर्धोक व कोणते घातक, हे त्यांना कारणासह सांगता यावे.

साहित्य : दांडा फिरवून चालणारे हातड्रिल, बाकाला बसविलेला व्हाइस, १० सें.मी. व्यासाची लाकडी चकती, काचकागद, मोजपट्टी, घड्याळ.

प्रस्तावना : फिरत्या चाकाने कापण्याची कल्पना सातारा-सांगलीकडील मुलांना नवी नाही, गोठ्यातील कडबाकुट्टी त्यांनी पाहिलेली असते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसविली. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. ही हकीकत सांगून शिक्षकांनी विचारावे, "कडबाकुट्टीत चाक फिरते, ड्रिलही फिरते. मग ड्रिलला कापणारी चकती लावली तर काय होईल?" मुलांची उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत.

पाठाचा विकास : प्रथम ड्रिलच्या मोठ्या व लहान चाकांचे दाते मोजवून घ्यावेत. समजा, ते अनुक्रमे ६० व १५ भरले, तर दांड्याच्या एका फेऱ्यात चक चार वेळा फिरेल. मिनिटास ६० फेरे दिल्यास चकाचे २४० फेरे होतील. १० सें.मी. व्यासाच्या चकतीचा परीघ ३१.४ सें.मी.; म्हणून तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे सव्वा मीटर येतो. विजेचे ड्रिल मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर हाच वेग सुमारे १५.७ मीटर होतो. लोखंड कापणारा ग्राइंडर मिनिटास ११,००० फेरे घेत असेल, तर तो ५७ मीटरांहून अधिक होतो. हे गणित मुलांकडूनच करवावे.

येथे एक फसवा विचार हमखास पुढे येतो. कापण्याच्या चकतीवर जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा छापलेला असतो. ड्रिलचे फेरे त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा धोका नाही, असे मुलांना वाटते. आकड्याचे बंधन पाळणे अवश्यच आहे, परंतु तेवढ्याने धोका टळत नाही. ड्रिलची रचना टोकाकडून सरळ येणारा दाब सोसण्यासाठी असते. कापताना जोर बाजूने येतो. त्यामुळे चकाची पकड ढिली होऊ शकते. वेग कमी असल्याने चकती धातूत अडकते, हात मुरगळतो आणि पातळ चकती वाकून फुटते. ग्राइंडरवर चकतीभोवती लोखंडी आवरण असते. ड्रिलवर ते नसते. फुटलेला तुकडा थेट डोळ्यांकडे येऊ शकतो. सबब, विजेच्या ड्रिलला कापण्याची चकती लावण्याचा प्रयोग शाळेत करू नये, व घरीही करू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

नुसता निषेध करून पाठ संपवू नये; निषिद्ध वस्तूचे कुतूहल वाढते. हातड्रिल व्हाइसमध्ये आडवे घट्ट बसवावे. लाकडी चकतीच्या मध्यातून बोल्ट घालून दोन्ही बाजूंस वायसर द्यावेत, नटाने आवळावे व बोल्टचे टोक चकात पकडावे. चकतीच्या दर्शनी बाजूस काचकागद चिकटवावा. एकाने दांडा सावकाश फिरवावा, दुसऱ्याने बांबूच्या कांबीचे टोक चकतीवर हलकेच टेकवून घासावे. कांब आधी करवतीने कापून घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा. सैल बाह्या व गळ्यातील दोरे आवरलेले असावेत. शिक्षकांनी जवळून हलू नये.

स्वाध्याय :
१. चकतीचा व्यास दुप्पट केल्यास कडेचा वेग किती होईल?
२. कडबाकुट्टीत पेंढी सारणाऱ्या हाताला इजा कशी होऊ शकते? ती टाळण्यास काय करावे?
३. गावातील वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर चालत असताना आवरण व चष्मा वापरला जातो काय? शिक्षकांसमवेत दुरून पाहून नोंद करा.

शेवटी फळ्यावरील पहिली उत्तरे मुलांकडूनच तपासून घ्यावीत. आपले मत मोजमापाने दुरुस्त करण्याची सवय लागली, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला. ज्या मुलाला नव्या साधनास हात लावण्यापूर्वी "याचा जोर कोणीकडे जाईल?" असा प्रश्न पडेल, त्याचे हात व डोळे पुढे कारखान्यातही सुरक्षित राहण्याचा संभव अधिक.