दोन्ही एआयच, मग फरक काय?

प्रश्न : मुलगा म्हणतो, मोबाइलवरचं बुद्धिबळ आणि चॅटजीपीटी दोन्ही एआयच. खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खरं आहे, पण दोघांची जातकुळी वेगळी. १९९७ मध्ये बुद्धिबळातल्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. मात्र कुठली स्थिती चांगली, याचे निकष मुख्यतः माणसांनीच ठरवून दिले होते. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमला फक्त खेळाचे नियम दिले. तो स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळला आणि काही तासांत स्टॉकफिश या तेव्हाच्या अव्वल बुद्धिबळ प्रोग्रॅमलाही भारी पडला. हे मशीन लर्निंग; माझ्या मते खरी उडी हीच.

चॅटजीपीटी मशीन लर्निंगचंच, पण जनरेटिव्ह. प्रचंड मजकुरावर शिकून, पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत ते नवा मजकूर रचतं. म्हणून चुकीची माहितीही ठामपणे सांगतं. (बुद्धिबळाला बसवलंत, तर मध्येच नियमबाह्य चालही करू शकतं!)

मोबाइलवर स्टॉकफिश असेल, तर तो मात्र संकर आहे : चाली धुंडाळण्याची पद्धत जुनी, पण २०२० पासून स्थितीची पारख न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे मशीन लर्निंगकडे.