हरिद्रा आणि अभिस्तर पेशींतील शोथसंकेत : प्रयोगपात्रापासून रुग्णापर्यंत

प्रास्ताविक

अलीकडे हरिद्रायुक्त कल्पांच्या माहितीपत्रकांवर ‘पेशीस्तरावर शोथहर म्हणून सिद्ध’ अशा आशयाचा मजकूर वारंवार आढळतो. अशा मजकुरामागे बहुधा मानवी अभिस्तर पेशींवर झालेले प्रयोग असतात. हे प्रयोग खोटे नसतात. परंतु त्यांतून नेमके काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही, याचा विवेक न करता ते उद्धृत केले, तर वैद्याचा मात्राविचार चुकतो आणि औषधनिर्माता नसते उत्तरदायित्व अंगावर घेतो. म्हणून हरिद्रेचे उदाहरण घेऊन या संशोधनाचे वाचन कसे करावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

अभिस्तर पेशी व त्यांतील संकेतवहन

त्वचा, मुख, श्वसनमार्ग, अन्नवह व मूत्रवह मार्ग यांना आतून-बाहेरून आच्छादणारा पेशींचा थर म्हणजे अभिस्तर. बाह्य सृष्टी आणि शरीर यांच्या सीमेवर या पेशी उभ्या असतात. सुश्रुताने त्वचेचे सात थर आणि धातू व आशय यांमधील मर्यादा म्हणून सात कला वर्णिल्या आहेत. ही वर्णने व आजची पेशीरचना एकच आहेत असा आमचा दावा नाही. मात्र सीमेवरील आवरणाचे महत्त्व आपल्या शास्त्रास अपरिचित नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते.

या पेशी केवळ भिंत नसून पहारेकरीही आहेत. जंतूंचा अंश किंवा ‘टीएनएफ-अल्फा’सारखे शोथकारक द्रव्य पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर बसले की आत संकेतांची साखळी सुरू होते. ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन एरवी ‘आय-कप्पा-बी’ या दुसऱ्या प्रथिनाने पेशीद्रवात अडकवून ठेवलेले असते. संकेत येताच हे बंधन नष्ट केले जाते, मुक्त झालेले एनएफ-कप्पा-बी पेशीकेंद्रकात शिरते आणि शोथाशी संबंधित जनुके कार्यान्वित करते. त्यांतून निर्माण होणारे ‘इंटरल्यूकिन-८’ रक्तातील न्यूट्रोफिल पेशींना त्या स्थानी बोलावते. विशेष म्हणजे याच वेळी नवे आय-कप्पा-बीसुद्धा तयार होते व ते या प्रक्रियेस लगाम घालते. शोथ उत्पन्न करणारी यंत्रणाच त्याच्या शमनाची सोयही करते.

एनएफ-कप्पा-बीचा शोध रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. तो रक्तातील बी-लसिकापेशींवरील अभ्यासातून लागला. पुढे हे प्रथिन जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत आढळले.

याच्या जोडीला ताणाचे संकेतमार्ग आहेत. उष्णता, अतिनील किरण, क्षारतेतील बदल यांमुळे ‘पी-३८’ व ‘जेएनके’ हे मार्ग उद्दीपित होतात. ऑक्सिडीकरणाचा ताण आला असता ‘एनआरएफ-२’ हे प्रथिन ‘कीप-१’ या प्रथिनाच्या पकडीतून सुटते आणि पेशीची स्वसंरक्षक विकरे वाढविते. प्रयोगपात्रात हरिद्रेतील कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बीचा मार्ग मंदावते व एनआरएफ-२चा मार्ग चेतविते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मानवी पेशींवर कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बीस रोखते, हे दाखविणारा बहुचर्चित शोधनिबंध १९९५ चा आहे. तोही रक्तपेशीवर्गातील पेशींवर केलेला होता, अभिस्तर पेशींवर नव्हे.

प्रश्न पहिला : पेशी कोणती?

प्रयोगशाळेतील मानवी अभिस्तर पेशी बहुधा कर्करोगाच्या अर्बुदातून वाढविलेल्या असतात. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून ‘हेला’ पेशी मिळाल्या. फुप्फुसाच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या ‘ए-५४९’ व आंत्राच्या अभ्यासातील ‘काको-२’ या पेशीही अर्बुदजन्यच आहेत. त्यांतही ए-५४९ पेशींमध्ये कीप-१चे जनुक बिघडलेले असल्याने एनआरएफ-२ मार्ग मुळातच सतत चालू असतो. अशा पेशींवर एखाद्या द्रव्याची ताणविरोधी क्षमता मोजली असेल, तर तो निष्कर्ष निरोगी श्वसनमार्गाला जसाच्या तसा लावता येत नाही.

प्रश्न दुसरा : मात्रा किती व ती तेथे पोहोचते का?

प्रयोगपात्रात कर्क्युमिनचे प्रमाण सामान्यतः १० ते ५० मायक्रोमोलर असते. तैवान येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता रक्तातील सर्वोच्च प्रमाण सरासरीने १.८ मायक्रोमोलरच्या आसपास आले. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले, तर ८ ग्रॅम कर्क्युमिनसाठी २६० ग्रॅमहून अधिक हळद लागेल. आपण देतो ती चूर्णमात्रा १ ते ३ ग्रॅम असते. तीन ग्रॅम चूर्णात कर्क्युमिन सुमारे ९० मिलिग्रॅम भरते. तेव्हा मुखावाटे दिलेल्या चूर्णाने फुप्फुसातील वा वृक्कातील अभिस्तर पेशींवर प्रयोगपात्रासारखाच परिणाम घडेल, असे म्हणण्यास आधार राहत नाही.

परंतु द्रव्य जेथे प्रत्यक्ष स्पर्श करते, तेथील स्थिती निराळी असते. लेपातील हरिद्रा त्वचेस, कवल-गंडूषातील हरिद्रा मुखाच्या अभिस्तरास आणि सेवन केलेली हरिद्रा आंत्राच्या अभिस्तरास रक्तमार्गाशिवाय भेटते. व्रणावर हळद लावण्याचा आपला परंपरागत उपयोग याच वर्गात मोडतो. त्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले एकस्व डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरच्या आक्षेपामुळे १९९७ मध्ये रद्द ठरले, हे वाचकांस ज्ञात आहेच.

प्रश्न तिसरा : रुग्णास लाभ झाला का?

संकेत मंदावणे आणि रोगी बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या आंत्रातील अभिस्तर पेशींत एनएफ-कप्पा-बी मार्ग पूर्णपणे बंद करण्यात आला. अपेक्षेच्या उलट त्या उंदरांना तीव्र आंत्रशोथ झाला, कारण पहारा उठल्यामुळे पेशी मरू लागल्या व जंतू आत शिरले. शोथाचा प्रत्येक संकेत दडपणे म्हणजे चिकित्सा नव्हे. व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अवस्था ओळखून वेगवेगळे उपचार सांगणाऱ्या सुश्रुताच्या वाचकास हे तत्त्व नवे वाटू नये.

रुग्णांवरील पुरावा सर्वांत उपयुक्त आहे तो व्रणजन्य बृहदांत्रशोथात. जपानमधील २००६ च्या अभ्यासात नेहमीच्या औषधासह रोज २ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी २ रुग्णांत सहा महिन्यांत व्याधी उलटली, तर तुलनागटातील ३९ पैकी ८ रुग्णांत उलटली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मेसालामिनसह रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता चार आठवड्यांत २६ पैकी १४ रुग्णांना उपशम मिळाला आणि तुलनागटातील २४ पैकी एकासही मिळाला नाही. याउलट दिल्लीच्या एम्समधील २०१७ च्या अभ्यासात रोज ४५० मिलिग्रॅम या अल्प मात्रेने तुलनागटापेक्षा अधिक लाभ दिसला नाही.

यातून दोन बोध घ्यावेत. लाभ दिसला तो द्रव्याचा प्रत्यक्ष स्पर्श होणाऱ्या स्थानी व ग्रॅममधील मात्रेत दिसला. आणि तो शुद्ध कर्क्युमिनचा, आधुनिक औषधास पूरक म्हणून दिसला. हरिद्राचूर्णाच्या कल्पावर या अभ्यासांचा दाखला छापणे योग्य नाही.

प्रश्न चौथा : अपाय काय?

कर्क्युमिनचे अल्प शोषण ही उणीव मानून ते वाढविण्याचे प्रयत्न झाले. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसह २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले असता मानवी शरीरातील उपलब्धता सुमारे वीसपट वाढली. मरिचातील हेच पिपेरिन काको-२ पेशींतील औषध बाहेर फेकणारे प्रथिन व यकृतातील औषधविघटक विकर यांस रोखते, असे २००२ मध्ये दाखविले गेले. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांची रक्तातील पातळी पिपेरिनने वाढते, हे मानवी अभ्यासांत आढळले आहे.

अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजाळ्याने २००४ ते २०२२ या काळातील हळदजन्य यकृतविकाराचे १० रुग्ण नोंदविले. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व एकाचा मृत्यू झाला. दहापैकी ७ जणांत ‘एचएलए-बी ३५:०१’ हा आनुवंशिक विशेष होता. ऑस्ट्रेलियाच्या औषधनियामकानेही २०२३ मध्ये याविषयी सावधतेची सूचना दिली. आहारातील हळदीविरुद्ध हा पुरावा नाही. परंतु संहत अर्काची गोळी आणि स्वयंपाकातील हळद यांना एकच द्रव्य समजून ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ असे रुग्णास सांगणे यापुढे क्षम्य ठरणार नाही.

व्यवहारात काय करावे?

१. हरिद्रा वा कर्क्युमिनचा अर्क घेत असलेल्या रुग्णास तो कोणत्या मात्रेत, किती दिवस व मरिचासह घेतो का, हे आवर्जून विचारावे. अनेक रुग्ण अशी गोळी ‘औषध’ म्हणून मोजतच नाहीत.

२. अरुची, अतिथकवा, गडद मूत्र वा नेत्रपीतता दिसल्यास अर्क तत्काळ थांबवून यकृताच्या तपासण्या कराव्यात आणि घटना आयुष मंत्रालयाच्या औषधसतर्कता यंत्रणेस कळवावी.

३. पूर्वीचा यकृतविकार असलेल्या किंवा वर उल्लेखिलेली औषधे घेणाऱ्या रुग्णास पिपेरिनयुक्त अर्क देऊ नये.

४. औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर चूर्ण की अर्क, कर्क्युमिनचे प्रमाण किती व पिपेरिन मिसळले आहे काय, हे स्पष्ट छापावे. पेशींवरील निष्कर्ष रोगनाशक दावा म्हणून वापरू नये. कर्करोग, मधुमेह आदी व्याधींच्या चिकित्सेच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने प्रतिबंध आहे, हेही ध्यानात ठेवावे.

उपसंहार

चरकाने हरिद्रेची गणना लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न महाकषायांत केली ती प्रयोगपात्राच्या साक्षीने नव्हे, तर रुग्णांवरील प्रदीर्घ निरीक्षणाच्या आधारे. पेशींवरील संशोधन त्या निरीक्षणामागील ‘कसे’ उलगडून दाखविते, ‘कोणास, किती व कोठवर’ हे ठरविण्याचे काम वैद्याकडेच राहते. एखादा नवा शोधनिबंध हाती आला की पेशी, मात्रा, लाभ आणि अपाय या चार प्रश्नांवर तो पारखून घ्यावा आणि उत्तरे मिळाल्यावरच त्याला आपल्या चिकित्सेत अथवा आपल्या वेष्टनावर स्थान द्यावे, अशी वैद्यबंधु-भगिनींना व औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे.