हृदयाच्या झडपेवर किती ओझं पडतं?



युसूफ वडगावात वस्तीत बीपी तपासत होते. एक मावशी म्हणाल्या, "ताई, १८० आलं म्हणता, पण मला तर काहीच होत नाही. मग गोळी कशाला?" त्यांना जे सांगितलं तेच आज इथं लिहिते.

हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये मिट्रल नावाची झडप असते. तिला दोन पातळ पाकळ्या असतात. खालचा कप्पा आवळला की रक्त अंगभर जावं, मागे फिरू नये म्हणून त्या मिटतात. ऊसतोडीला गेल्यावर आपण पाल ठोकतो, वाऱ्यानं कापड उलटू नये म्हणून दोऱ्या ताणून खुंटीला बांधतो. तशाच या पाकळ्यांना बारीक, चिवट दोऱ्या असतात. त्या कप्प्याच्या भिंतीतून निघालेल्या दोन स्नायूंना बांधलेल्या असतात. हे पॅपिलरी स्नायू म्हणजे पालाच्या खुंट्या. फक्त या खुंट्या जिवंत आहेत. हृदय आवळलं की त्याही आवळतात आणि दोऱ्या ताणून धरतात.

आता हिशोब करा. बीपी १२० असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १६३ ग्रॅम दाब पडतो. झडपेचं तोंड ६ चौरस सेंटिमीटर धरलं तर जवळपास एक किलो ओझं झालं. बीपी १८० झालं की तेच दीड किलो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा हे ओझं पडतं. ते झडपेची कडा, दोऱ्या आणि खुंट्या वाटून घेतात.

कोणावर किती ताण येतो हे शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया टेक संस्थेत अजित योगनाथन यांच्या प्रयोगशाळेत आणि डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात असे प्रयोग झाले. डुकराचं हृदय आपल्या हृदयासारखंच असतं. त्याची झडप दोऱ्या-स्नायूंसकट पारदर्शक पेटीत शिवतात. पंपानं पाणी ठोक्याठोक्यानं ढकलतात. स्नायूंना आणि दोऱ्यांना इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असतात तसे ताण मोजणारे छोटे तुकडे जोडतात. झडपेची कडा रुंद केली आणि स्नायू जागचे सरकवले, तर पाकळ्या नीट मिटत नाहीत, झडप गळते, काही दोऱ्यांवर ताण वाढतो.

प्रत्यक्षात हे तीन वाटांनी घडतं. हार्ट अटॅकनंतर हृदयाची भिंत ताणते आणि खुंटी सरकते, क्वचित तुटतेही. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर ओझं रोज जास्त. तिसरी वाट लेकरांची. घसादुखीवर उपचार झाले नाहीत तर काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एकामागून एक सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप झडपेला धरतो. पाकळ्या जाड होतात, दोऱ्या आखडतात.

म्हणून एवढं करा:

१) बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

२) लेकराचा घसा तापासह दुखत असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. सांधे सुजले तर उशीर नकोच.

३) डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल तर चुकवू नका. ऊसतोडीला जाताना कार्ड सोबत ठेवा, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तारखेला दाखवा.

४) चालताना दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, पाय सुजतात, तर अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात जा, टूडी एकोबद्दल विचारा. गरोदर बाईला असा दम लागला तर "दिवस गेलेत म्हणून असेल" असं म्हणून सोडू नका.

५) ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आधी विचारा.

मावशींना काही होत नव्हतं, कारण त्यांच्या खुंट्या मुकाट्यानं ओझं ओढत होत्या. खुंटी हलल्यावर धावण्यापेक्षा आजच ओझं कमी करू या.