विहिरीवरील तारेच्या दोराची परीक्षा

विहिरीच्या खोदकामीं यारीचा तारेचा दोर सहसा एकाएकीं तुटत नाहीं. आम्हीं नोकरींत असतां अशा एका अपघाताचा पंचनामा लिहिला. तुटक्या टोंकाच्या आंत जुना गंज होता. म्हणून खालीं माणूस उतरण्यापूर्वीं रोज दोर तपासावा. यंत्र बंद असतां जाड फडकें दोरावरून फिरवावें; तें अडकेल तेथें तार तुटलेली समजावी. एक पेड पूर्ण वेढा घेतो तेवढ्या लांबींत ६ तारा, किंवा एकाच पेडाच्या ३ तारा तुटल्या असल्यास, अथवा जाडी दहाव्या हिश्शानें घटल्यास, दोर टाकावा. मुडपलेला भाग सरळ केला तरी अशक्तच राहतो. कप्पीची झिजलेली खांच नवा दोरही खाते. दोर स्वच्छ पुसून वंगण द्यावें. दोर पुन्हां विकत मिळतो. माणूस मिळत नाहीं.